हस्तांतरणानंतर नियंत्रकाचे उत्तर येत नाही: रेडिओ संच खोलण्यापूर्वी काय तपासावे

विमानाच्या नोंदवहीत वैमानिकांनी लिहिलेली एक तक्रार माझ्यासमोर वारंवार येते: "फ्रिक्वेन्सी बदलल्यानंतर नंबर एकचा व्हीएचएफ बंद." व्हीएचएफ म्हणजे नियंत्रकाशी बोलण्याचा विमानातला रेडिओ संच. विमान जमिनीवर आल्यावर तोच संच लावून पाहिला, तर तो खणखणीत चालतो. ठाण्यात राहून मी लहान विमानांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या रेडिओ संचांची कामे करतो, आणि संध्याकाळी आरटीआर परीक्षेची, म्हणजे विमानातला रेडिओ चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांना शिकवतो. त्यामुळे ही तक्रार मला कागदावर भेटते तशी तोंडीही भेटते. माझे मत असे आहे की हस्तांतरणाच्या, म्हणजे एका नियंत्रकाने विमान दुसऱ्याकडे सोपवण्याच्या, वेळी 'बंद पडलेले' बहुतेक संच प्रत्यक्षात बंद पडलेले नसतात. त्या काही सेकंदांत फ्रिक्वेन्सीचा आकडा बदलतो, ऐकणारा नियंत्रक बदलतो, जमिनीवरचा अँटेना बदलतो, आणि पुष्कळदा वैमानिकाचा हात, कोणत्या संचावर ऐकायचे-बोलायचे ते ठरवणाऱ्या ऑडिओ पॅनेलवरूनही फिरून गेलेला असतो. इतके बदल एकदम झाल्यावर संपर्क तुटला, तर संशय आधी या बदलांवर घ्यावा आणि संचावर सर्वांत शेवटी.

मुंबईहून निघालेले विमान आधी ग्राउंड, मग टॉवर, मग रडार आणि पुढे क्षेत्र नियंत्रण अशा क्रमाने एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. त्यातच २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून व्यावसायिक उड्डाणे सुरू झाल्यामुळे खाडीच्या दोन्ही बाजूंना मोठे विमानतळ आले आहेत, आणि जुहूची हेलिकॉप्टरे आहेतच. आकाशाच्या एवढ्याशा तुकड्यात फ्रिक्वेन्सी थोड्या थोड्या वेळाने बदलावी लागते, आणि प्रत्येक बदल ही चूक होण्याची एक जागा असते.

लक्षणे नीट ओळखावीत

"रेडिओ चालत नाही" हे लक्षण म्हणून काही कामाचे नाही. नेमके काय ऐकू येते आणि काय येत नाही, यावरून निम्मे निदान होते.

नवीन फ्रिक्वेन्सीवर कोणाचाच आवाज नसेल, तर आकडा चुकलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. इतर विमाने ऐकू येतात पण नियंत्रक ऐकू येत नाही, असे असेल तर आपण बहुधा त्याच्या अँटेनाच्या नजरेआड आहोत, कारण उंचावरची विमाने आपल्याला दिसत असतात आणि जमिनीवरचा मनोरा दिसत नसतो. नियंत्रक इतरांशी बोलताना स्पष्ट ऐकू येतो पण आपल्या हाकेला दाद देत नाही, तेव्हा आपले प्रसारण जात नसते किंवा दुसऱ्या संचावरून भलतीकडे जात असते. फ्रिक्वेन्सी बदलून पहिली हाक दिल्याबरोबर सगळे एकदम चिडीचूप झाले, तर बोलण्याचे बटण अडकले आहे का ते पाहावे. शब्द तुटक येत असतील किंवा वळताना आवाज बुडत असेल, तर अँटेना आणि त्याच्या जोडण्यांकडे बोट जाते.

आणखी एक लक्षण असे आहे की ते लक्षण वाटतच नाही. जुन्या फ्रिक्वेन्सीवर बराच वेळ आपल्या नावाने कोणीच काही बोललेले नसते, आणि वैमानिकाला वाटते की आज गर्दी कमी आहे. प्रत्यक्षात फ्रिक्वेन्सी बदलण्याची सूचना येऊन गेलेली असते, ती कोणाच्या तरी बोलण्याखाली दबलेली असते, आणि विमान एव्हाना पुढच्या हद्दीत शिरलेले असते. वर्दळीच्या हवाई क्षेत्रात लांबलेल्या शांततेचा संशय घ्यावा आणि स्वतःहून हाक मारून खात्री करून घ्यावी.

पहिली तपासणी: आकडा

यात पैसे लागत नाहीत, वेळही लागत नाही. ज्या खिडकीतला आकडा प्रत्यक्ष वापरात आहे ती पाहावी, स्टँडबायची, म्हणजे पुढचा आकडा भरून ठेवण्याची, नव्हे. नवीन आकडा स्टँडबायमध्ये भरला आणि अदलाबदलीचे बटण दाबायचे राहून गेले, हा प्रकार अनुभवी माणसांकडूनही होतो. त्यानंतर आकड्यातील अंक एकेक करून कागदावर लिहिलेल्या अंकांशी ताडून पाहावेत.

कागदावर लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण स्मरणात राहिलेला आकडा आणि ऐकलेला आकडा यांत फरक पडतो. आपल्याकडे व्हीएचएफच्या वाहिन्या २५ किलोहर्ट्झच्या अंतराने येतात, आणि काही जुन्या संचांच्या पडद्यावर शेवटचा अंक दिसतच नाही, म्हणजे ११८.०२५ ही फ्रिक्वेन्सी तेथे ११८.०२ अशी दिसते. ज्याला हे ठाऊक नसते तो शेवटचा पाच शोधत बसतो. उच्चाराचा नियम असा आहे की सहाही अंक म्हणायचे. फक्त पाचवा आणि सहावा असे दोन्ही अंक शून्य असतील तर पहिले चार म्हटले तरी चालते. फ्रिक्वेन्सी परत वाचून दाखवणे बंधनकारक आहे, आणि ते शिष्टाचारासाठी ठेवलेले नाही. नियंत्रकाला स्वतःची किंवा वैमानिकाची चूक पकडण्याची तेवढी एकच संधी मिळत असते. "रॉजर, गुड डे" एवढेच म्हणून फ्रिक्वेन्सी सोडणारा वैमानिक ती संधी दोघांच्याही हातून घालवतो.

दुसरी तपासणी: आधीच्या फ्रिक्वेन्सीवर परत जाणे

संपूर्ण लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ही घ्यावी. नवीन कक्षाला दोनदा हाक मारूनही उत्तर आले नाही, तर ज्या नियंत्रकाने सोडले त्याच्याकडे परत जावे आणि सांगावे की अमुक फ्रिक्वेन्सीवर संपर्क होत नाही. तो बहुधा आकडा पुन्हा सांगतो, किंवा पर्यायी आकडा देतो, किंवा पुढच्या कक्षाला फोन करून विचारतो.

याचा निदानासाठी होणारा उपयोग त्याहून मोठा आहे. जुन्या नियंत्रकाने उत्तर दिले, की आपला संच, मायक्रोफोन, हेडसेट, बटण आणि अँटेना या सगळ्या गोष्टी ठीक आहेत हे एका वाक्यात सिद्ध होते. मग दोष एक तर आकड्यात असतो, नाही तर पलीकडच्या टोकाला असतो. जुन्या नियंत्रकाकडूनही उत्तर आले नाही, तर मात्र दोष विमानात शोधायला सुरुवात करावी. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत हे एवढे करून पाहिल्याची नोंद क्वचितच असते, आणि ती नसल्यामुळे चांगला संच काढून, तपासून, पुन्हा बसवण्यात अख्खा दिवस जातो.

येथे दोन गोष्टी पाळाव्या लागतात. नवीन कक्षाचे उत्तर येईपर्यंत स्टँडबायच्या खिडकीत दुसरे काहीही भरू नये; जुना आकडा तेथेच राहिला तर एका बटणात परत जाता येते. विद्यार्थी हवामानाची नोंद ऐकण्याची घाई करतात आणि परतीची वाट स्वतःच पुसून टाकतात. दुसरी गोष्ट वेळेची. ४८० नॉट वेगाने जाणारे विमान दर मिनिटाला ८ सागरी मैल पुढे सरकते, त्यामुळे दहा मिनिटे विचार करून परत गेल्यास जुना कक्ष पल्ल्याबाहेर गेलेला असू शकतो.

तिसरी तपासणी: थांबून ऐकणे

फ्रिक्वेन्सी बदलल्यावर लगेच बटण दाबू नये. आधी काही सेकंद ऐकावे. विमानांचे व्हीएचएफ संभाषण एएम पद्धतीने चालते, आणि या पद्धतीत दोन जण एकाच वेळी बोलले तर ऐकणाऱ्याच्या कानात शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो आणि दोघांचेही शब्द बुडतात. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी टॉवरचे "थांबा" आणि दुसऱ्या विमानाचे "आम्ही अजून धावपट्टीवर आहोत" हे दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले होते, आणि उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानात त्यांच्या जागी तीच शिट्टी ऐकू गेली होती.

उत्तर न येण्याचे कारण कधी कधी इतके साधे असते, की नियंत्रक त्या क्षणी शेजारच्या कक्षाशी फोनवर बोलत असतो. अर्धा मिनिट थांबून पुन्हा हाक मारावी, आणि ती पूर्ण मारावी: कक्षाचे नाव, आपला पूर्ण कॉलसाइन (रेडिओवरचे विमानाचे नाव), सध्याची उंची आणि मंजूर झालेली उंची. अर्धवट कॉलसाइन दिला आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर ४३२ आणि ४२३ अशी दोन विमाने असली, तर उत्तर दुसऱ्याच विमानाला जाते, आणि आपल्याला वाटते की आपले कोणी ऐकलेच नाही.

चौथी तपासणी: कानापासून पॅनेलपर्यंत

आता हाताने तपासायच्या गोष्टी येतात. आवाजाची खुंटी खाली गेलेली नाही ना हे पाहावे. मागची फ्रिक्वेन्सी गोंगाटाची असल्यामुळे ती खाली केलेली असते आणि नवीन नियंत्रकाचा आवाज मुळात मंद असतो. त्यानंतर स्क्वेल्च (एरवी खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडून पाहावा. उघडल्यावर खरखर ऐकू आली, तर संचाच्या ध्वनिविभागापासून कानापर्यंतचा मार्ग शाबूत आहे. खरखरही आली नाही, तर दोष हेडसेट, प्लग किंवा पॅनेलमध्ये आहे आणि फ्रिक्वेन्सीचा त्याच्याशी संबंध नाही.

ऑडिओ पॅनेलवर ऐकण्याची आणि बोलण्याची निवड स्वतंत्र असते. नंबर एकवर ऐकत राहायचे आणि बोलणे मात्र नंबर दोनवरून जायचे, हा 'नियंत्रक ऐकू येतो, पण दाद देत नाही' या लक्षणाचा नेहमीचा खुलासा आहे. लहान विमानांत हेडसेटचे प्लग दोन असतात, ऐकण्याचा वेगळा आणि बोलण्याचा वेगळा. बोलण्याचा प्लग अर्धवट निघाला तर ऐकणे अगदी व्यवस्थित चालू राहते, त्यामुळे संशयच येत नाही. दोन्ही प्लग बाहेर काढून, फिरवून, घट्ट बसवावेत. आमच्या किनारी हवेत, विशेषतः पावसाळ्यात, प्लगच्या पितळेवर थर चढतो, आणि नुसते फिरवण्यानेही संपर्क सुधारतो.

बटण अडकले असल्याची खूण संचावरच दिसते: बोलणे संपले तरी प्रसारणाचा दिवा किंवा अक्षरे जात नाहीत. या अवस्थेत आपला संच सतत प्रसारण करत असल्याने आपल्याला काहीच ऐकू येत नाही, आणि त्या फ्रिक्वेन्सीवरच्या इतर सर्वांचेही बोलणे बंद पडते. बटण दोनतीनदा दाबून सोडावे. तरीही दिवा गेला नाही तर बोलण्याचा प्लग काढून टाकावा आणि दुसऱ्या आसनाचा हेडसेट किंवा हातातला मायक्रोफोन वापरावा. हे तातडीने करायचे काम आहे, कारण येथे अडचण आपल्यापुरती राहत नाही.

पाचवी तपासणी: दुसरा संच, १२१.५ आणि दुसरे विमान

दुसरा व्हीएचएफ असेल तर तीच फ्रिक्वेन्सी त्यावर लावावी. दोन्ही संचांचे अँटेना वेगवेगळ्या जागी असतात, पुष्कळदा एक पाठीवर आणि एक पोटाखाली, त्यामुळे एकावरून न मिळालेला संपर्क दुसऱ्यावरून मिळतो. दोन्हीवर सारखाच परिणाम दिसला, तर दोन संच एकाच वेळी बिघडले असे मानण्यापेक्षा आकडा, पॅनेल किंवा भूगोल यांवर परत यावे.

१२१.५ ही आपत्कालीन फ्रिक्वेन्सी मोकळ्या संचावर सतत ऐकत राहण्याची सवय असावी. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाचा जर्मनीच्या आकाशात संपर्क तुटला आणि जर्मन हवाई दलाची लढाऊ विमाने त्याच्या सोबतीला उडाली. काही वेळाने संपर्क जुळला आणि विमान लंडनला सुखरूप उतरले. हरवलेल्या विमानाला नियंत्रक आणि आसपासची विमाने सर्वांत आधी १२१.५ वर शोधतात. ती ऐकत असणाऱ्या वैमानिकापर्यंत हाक लवकर पोहोचते.

दुसऱ्या विमानाकडून निरोप पोहोचवणे यात कमीपणा मानू नये. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये ३७,००० फुटांवर एक बोइंग ७३७ आणि एक लहान लेगसी जेट एकमेकांना धडकले, आणि बोइंगमधील सर्व १५४ माणसे गेली. टक्करीपूर्वी बराच वेळ लेगसीचा नियंत्रकांशी दुतर्फा संपर्क नव्हता. वैमानिक हाका मारत राहिले, आणि त्याच काळात त्यांचा ट्रान्सपॉन्डरही (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारे उपकरण) प्रसारण करत नव्हता. टक्करीनंतर जखमी लेगसीचा निरोप एका मालवाहू विमानाने पुढे पोहोचवला आणि ते एका लष्करी तळावर उतरले. संपर्क नसलेल्या अवस्थेत ट्रान्सपॉन्डर चालू आहे ना हे पाहणे किती आवश्यक आहे, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी याच घटनेकडे येतो.

सहावी तपासणी: डोंगर आणि उंची

व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशावर सागरी मैलांतला पल्ला काढायचा, तर फुटांतल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला १.२३ ने गुणावे. ३५,००० फुटांवर हा पल्ला सुमारे २३० सागरी मैल येतो, १०,००० फुटांवर १२३, आणि १,००० फुटांवर फक्त ३९. मध्ये डोंगर आला की हा हिशोब कोसळतो. माथेरानचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे २,६०० फुटांच्या वर आहे. त्याच्या पूर्वेला १,५०० फुटांवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरला पश्चिमेचा मनोरा दिसणार कसा? पारसिकच्या टेकड्या त्यामानाने ठेंगण्या, पण अगदी खालून जाणाऱ्याला त्याही आड येतात.

तपासणी सोपी आहे. मंजुरी असेल आणि हवामान परवानगी देत असेल, तर काही शे फूट वर चढून किंवा वळण सोडून पंख समतल करून पुन्हा हाक मारावी. त्याने संपर्क झाला तर संच निर्दोष आहे. मंजुरी नसताना मात्र केवळ संपर्कासाठी उंची बदलू नये.

समुद्रावर: शब्दांऐवजी डेटा

मुंबई उड्डाण माहिती क्षेत्र अरबी समुद्रावर दूरवर पसरलेले असून मस्कत, मोगादिशू, सेशेल्स आणि माले यांच्या क्षेत्रांना भिडते. तेथे व्हीएचएफ पोहोचत नसल्याने एचएफ (दूरच्या पल्ल्याचा रेडिओ) आणि सीपीडीएलसी, म्हणजे मजकुराने चालणारी डेटाजोडणी, यांवर काम चालते. ही जोडणी आधीचे केंद्र पुढच्याकडे सोपवते. त्यासाठी आधीच्या केंद्राने पुढच्या केंद्राचे नाव विमानाला कळवलेले असावे लागते; ते कळवले नसेल तर पुढच्या केंद्राने मागितलेली जोडणी विमानातील यंत्रणा नाकारते, आणि वैमानिकाला फक्त जोडणी गेलेली दिसते.

येथे सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे लॉगऑनमधील, म्हणजे जोडणी मागताना भरलेल्या माहितीतील, कॉलसाइन आणि विमानाची नोंदणी उड्डाण योजनेशी अक्षरशः जुळते का हे पाहणे. एखादे जादा शून्य किंवा चुकलेले अक्षरही लॉगऑन फेटाळण्यास पुरेसे असते. ते बरोबर असेल, तर नवीन केंद्राच्या चार अक्षरी पत्त्यावर, मुंबईसाठी व्हीएबीएफवर, स्वतः लॉगऑन करावे आणि तोवर एचएफवर आवाजाने संपर्क ठेवावा. एचएफवर रात्री खालच्या फ्रिक्वेन्सी आणि दिवसा वरच्या चांगल्या चालतात, त्यामुळे सूर्यास्ताच्या सुमारास आवाज विरत गेला तर तो संचाचा दोष मानू नये. नव्या केंद्राशी पहिला संपर्क होताच सेलकॉल (ठराविक विमानालाच घंटी देणारी सोय) तपासून घ्यावा.

कोठे थांबावे

उड्डाणात या तपासण्यांचा क्रम एकदा पूर्ण करावा, दुसऱ्यांदा नव्हे. विमान उडवणे आधी, वाट धरणे नंतर, आणि बोलणे त्यानंतर. संपर्क झाला नाही तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा संपर्कभंगाचा संकेत लावावा, आपले हेतू 'ऐकू येत असल्यास' असे गृहीत धरून प्रसारित करत राहावेत, आणि एआयपीमध्ये (देशाच्या हवाई वाहतुकीच्या अधिकृत माहितीपुस्तकात) दिलेल्या संपर्कभंगाच्या पद्धतीप्रमाणे वागावे. हवामान स्वच्छ असेल तर स्वच्छ हवेतच राहून जवळच्या योग्य विमानतळावर उतरावे आणि टॉवरच्या दिव्यांकडे लक्ष ठेवावे: स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट देऊन घिरट्या घालत राहा. नियंत्रक ऐकू येत असेल आणि तो "ऐकू येत असल्यास आयडेंट दाबा" असे म्हणत असेल, तर ट्रान्सपॉन्डरवरचे ते बटण दाबून बोलता येत नसतानाही उत्तर देता येते. सर्किट ब्रेकर उडाला असेल, तर त्या विमानाच्या तपासणी-यादीत मुभा असल्याशिवाय तो हवेत पुन्हा बसवू नये.

जमिनीवर वैमानिकाने हेडसेट बदलून पाहावा, प्लग साफ करावेत, पॅनेल तपासावे, आणि तेथे थांबावे. संच त्याच्या कप्प्यातून काढणे, कप्प्यांत अदलाबदल करणे, अँटेनाच्या मुळाशी सीलंट लावणे किंवा केबलच्या जोडणीवर फवारा मारणे ही बी-२ (विमानातील इलेक्ट्रॉनिक्सच्या) परवानाधारक अभियंत्याची कामे आहेत. त्यामागे नुसता नियम नाही. आम्ही नंबर एकचा संच नंबर दोनच्या जागी बसवतो तेव्हा दोष संचाबरोबर सरकतो की जागेवरच राहतो, हे पाहत असतो. आधीच कोणी हात घातलेला असेल तर ती तपासणी निरर्थक होते. अँटेनातून किती शक्ती परत येते हे मोजायलाही योग्य मीटर लागतो. पावसाळ्यात अँटेनाच्या बुडाशी पाणी शिरले, तर टॉवरजवळ संच उत्तम बोलतो आणि वीस-पंचवीस मैलांवर गुदमरतो, आणि हा दोष हँगरमध्ये हाताला लागत नाही. एकाच विमानात, एकाच संचावर, वेगवेगळ्या कक्षांशी बोलताना तीच तक्रार दुसऱ्यांदा आली, की वरच्या तपासण्या बाजूला ठेवून विमान अभियंत्याकडे द्यावे.

देताना नोंदवहीत "व्हीएचएफ बंद" असे लिहू नये. कोणता संच, कोणती फ्रिक्वेन्सी, कोणत्या कक्षाकडून कोणत्या कक्षाकडे जाताना, किती उंचीवर, मनोऱ्यापासून कोणत्या दिशेला व किती अंतरावर, सरळ उड्डाणात की वळणात, पाऊस होता का, बोलताना आपलाच आवाज हेडसेटमध्ये येत होता का, आणि आधीच्या फ्रिक्वेन्सीवर परत गेल्यावर काय झाले, एवढे चार ओळींत लिहावे. शेवटचा तपशील राहिला असेल, तर मी स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी वैमानिकाला फोन करून तोच विचारतो.